स्लो कुकरमधला स्ट्यू दर वेळी पाणचट होतो आणि बटाटा कडक राहतो: कारणं आणि उपाय

मंगळवार आणि गुरुवार हे आमच्या घरचे सगळ्यात घाईचे दिवस. बायकोची दुपारपाळी असते. ट्रेनने उतरून, मुलीला पोहण्याच्या क्लासवरून घेऊन मी घरी पोचेपर्यंत पावणेसात वाजतात. शिकागोच्या बाजूला डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडतो, बाहेर बर्फ असतो, आणि पोरीला दारात पाय ठेवल्या ठेवल्या गरम काहीतरी हवं असतं. त्यासाठीच स्लो कुकर, म्हणजे मंद आचेवर तासन् तास शिजवणारं विजेवरचं भांडं, घेतला. सकाळी सगळं आत टाकायचं, बटण दाबायचं आणि संध्याकाळी ताटात वाढायचं, इतकीच अपेक्षा होती.

पण चारातल्या तीन वेळा एकच प्रकार व्हायचा. झाकण उचललं की आतून धार लागल्यासारखं पाणी पडायचं. मटण इतकं शिजलेलं की चमच्याने तुटावं, आणि शेजारीच बटाट्याची फोड अशी की दाबली तर मधोमध करकरीत चिरायची, आत पांढराफटक गाभा. रस्सा ताटात वाढला की पाणी एकीकडे आणि मसाला दुसरीकडे. पावाचा तुकडा बुडवला तर तो भिजायचा, त्याला रस्सा लागायचा नाही. चव वाईट नव्हती, पण चवच नव्हती. पुढच्या वेळी मी मसाला वाढवायचो, म्हणजे तेच पाणी आणखी तिखट व्हायचं.

ज्यांना हाच त्रास होतोय त्यांच्यासाठी हे लिहितोय. खूप वेळा करून, एकेक गोष्ट बदलून पाहून माझ्या लक्षात आलं ते असं: स्लो कुकरमध्ये पाणी बाहेर जात नाही, आणि उष्णता फार हळू चढते. माझ्या जवळजवळ प्रत्येक तक्रारीचं मूळ या दोन गोष्टींत सापडलं. मसाल्याचा त्यात काही दोष नव्हता.

रस्सा पातळ होतो

गॅसवर रस्सा उकळतो तेव्हा वाफ सतत निघून जात असते. आपण त्याला आळणं म्हणतो, आणि हाताला त्याचा इतका सराव असतो की पाणी घालतानाच आटणारं पाणी आपण न कळत धरलेलं असतं. स्लो कुकरमध्ये वाफ वर जाते, झाकणाला लागते, तिचे थेंब होतात आणि ते पुन्हा खाली पडतात. आठ तासांनंतरही पाणी जवळजवळ तेवढंच. वर मटण शिजताना स्वतःचं पाणी सोडतं, साधारण वजनाच्या पाव हिश्शाइतकं, कधी त्याहून जास्त. म्हणजे 900 ग्रॅम मटणातून कपभर पाणी असंच येतं. कांदा तर बहुतांशी पाणीच. मश्रूम घातले तर बोलायलाच नको.

मी सवयीने सहा कप पाणी घालत होतो. आता अडीच कप घालतो, तेही जव असतील तर. जव नसतील तर एक ते सव्वा कप पुरतं. पहिल्यांदा इतकं कमी पाणी घालताना हात अडखळतो. मटणाचे वरचे तुकडे कोरडे दिसतात, करपेल अशी भीती वाटते. करपत नाही. दोन-तीन तासांत रस वर येतो.

जवाबद्दल जरा थांबून सांगावंसं वाटतं, कारण या यंत्राच्या मुळाशीच ते आहेत. स्लो कुकरचं पेटंट आयर्विंग नॅक्सन यांचं. ते शिकागोचेच. अर्ज 1936 सालचा, पेटंट 1940 साली मिळालं, आणि 1971 साली राइव्हल कंपनीने ते यंत्र ‘क्रॉक-पॉट’ या नावाने घरोघरी नेलं. नॅक्सन यांना ती कल्पना सुचली ती आईकडून ऐकलेल्या लिथुआनियातल्या चोलंटच्या, म्हणजे ज्यू लोकांच्या एका स्ट्यूच्या, आठवणींवरून. शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, चूल पेटवायची नाही, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी भांडं गावच्या बेकऱ्याच्या भट्टीत ठेवायचं आणि विझत जाणाऱ्या भट्टीच्या उष्णतेवर ते रात्रभर शिजू द्यायचं. चोलंटमध्ये मांस आणि बटाट्याबरोबर बीन्स आणि जव असतात. पाणी बाहेर जाणार नसेल तर ते पिणारं काहीतरी आत हवं, हे त्या बायकांना पक्कं ठाऊक होतं. मला ते उशिरा समजलं. आता अर्धा कप जव घातल्याशिवाय मी स्ट्यू करत नाही. जव नसतील तर मूठभर मसूर डाळ घाला. ती विरघळून जाते आणि रस्सा धरून ठेवते.

आमच्याकडे गावी चुलीला वैल, म्हणजे मुख्य जाळाशेजारचं मंद आचेचं तोंड, असायचा. मुख्य जाळावर उकळी आली की आजी रश्शाचं पातेलं वैलावर सरकवायची आणि दुसऱ्या कामाला लागायची. स्लो कुकर म्हणजे वैलच, हे डोक्यात बसल्यावर मला बरंच सोपं गेलं. फक्त आजीचा रस्सा वैलावर जाण्याआधी जाळावर परतून, उकळून झालेला असायचा. मी कच्चंच सगळं वैलावर ठेवत होतो.

आता समजा, आज संध्याकाळी झाकण उघडलंय, रस्सा पातळ आहे आणि पोर टेबलावर बसलंय. तर दोन कप रस्सा डावाने काढून रुंद पॅनमध्ये मोठ्या आचेवर ठेवा. सात-आठ मिनिटांत निम्मा होतो, तो परत ओता. तोवर बटाट्याच्या चार-पाच फोडी भांड्याच्या कडेला चिरडून मिसळा. कॉर्नफ्लोअर लावायचं असेल तर एक चमचा दोन चमचे थंड पाण्यात कालवून घाला, पण कुकर हायवर, म्हणजे जास्त आचेच्या बटणावर, ठेवून किमान पंधरा-वीस मिनिटं द्या. घाईत घातलेलं कॉर्नफ्लोअर जिभेला पिठूळ लागतं. मला पॅनमध्ये आटवणंच जास्त आवडतं, कारण त्यात दाटपणाबरोबर चवही एकवटते.

मटण शिजलं, बटाटा-गाजर कच्चं

हे कोडं मला सगळ्यात जास्त दिवस छळत होतं. आठ तासांत बटाटा शिजत नाही हे पटायचंच नाही. प्रेशर कुकरमध्ये तोच बटाटा तीन शिट्ट्यांत पीठ होतो.

मटण आणि भाजी वेगवेगळ्या तापमानाला मऊ होतात. खांद्याच्या मटणातलं चिवट कोलॅजन साधारण 70-80 अंश सेल्सिअसला, भरपूर वेळ मिळाला की, विरघळून जिलेटिन होतं. बटाट्या-गाजराच्या पेशी एकमेकींना चिकटवून ठेवतं ते पेक्टिन, आणि ते नीट सुटायला 85 अंशांच्या आसपास किंवा त्याहून जास्त उष्णता लागते. म्हणजे कुकर कोमट-गरम असतो तेव्हा मटणाचं काम चालू होतं आणि भाजीचं होत नाही.

त्याहून मोठी गोष्ट पुढची आहे. साधारण 50 ते 70 अंशांच्या पट्ट्यात बटाटा आणि गाजर बराच वेळ राहिले, तर त्यांच्यातलंच एक एन्झाइम जागं होतं आणि पेक्टिनचे धागे कॅल्शियमशी बांधून टाकतं. मग ती भाजी नंतर उकळली तरी सहज मऊ होत नाही. स्लो कुकर लोवर, म्हणजे मंद आचेवर, ठेवला, वर फ्रीजमधलं गार मटण आणि गार पाणी घातलं, की भाजी नेमकी त्याच पट्ट्यात तासन् तास बसून राहते. मी बटाट्याला आणखी वेळ देत होतो, पण खरं पाहिलं तर सुरुवातीचा तोच वेळ त्याला कडक करत होता.

यावर मी चार गोष्टी बदलल्या. पाणी किंवा स्टॉक उकळता घालतो, आणि त्याआधी चिनीमातीचं भांडं नळाच्या गरम पाण्याने विसळून घेतो, म्हणजे थंड भांड्याला एकदम चटका बसत नाही. फोडी मटणापेक्षा लहान करतो, मटण 4 सेंटिमीटर तर बटाटा 2. भाजी तळाला आणि कडेने लावतो, मटण वर. कारण बहुतेक कुकरांत तापणारी तार बाजूच्या भिंतींत असते, मधोमध वर ठेवलेल्या फोडीला ऊब सगळ्यात शेवटी पोचते. आणि चौथी, जिने सगळ्यात जास्त फरक पडला: बटाटा-गाजराच्या फोडींना चमचाभर तेल चोळून, झाकून, पाच मिनिटं मायक्रोवेव्हमध्ये. त्या पाच मिनिटांत फोडी तो धोक्याचा पट्टा झपकन ओलांडतात. मायक्रोवेव्ह नसेल तर उकळत्या पाण्यात चार मिनिटं टाकून काढल्या तरी चालतं.

टोमॅटोचंही इथेच सांगतो. आंबट पदार्थात बटाटा आणि कडधान्य दोन्ही मऊ व्हायला वेळ लावतात. आमसूल घातलेल्या आमटीत डाळ शिजत नाही हे आपल्याला माहीतच आहे. म्हणून टोमॅटो, व्हिनेगर, चिंच काहीही असो, आंबट शेवटच्या अर्ध्या तासात.

चव सपाट

प्रेशर कुकरसारखा दाब नसेल तर पाण्याच्या संगतीत कुठलाही पदार्थ 100 अंशांच्या वर जात नाही. मटणाला, कांद्याला जो तपकिरी रंग आणि खमंग वास येतो, तो साधारण 140 अंशांच्या पुढे. म्हणजे स्लो कुकरमध्ये आठ तास काय, अठरा तास ठेवलं तरी खमंगपणा येणार नाही. तो आधी पॅनमध्ये मिळवावा लागतो.

सकाळी सहा-सव्वासहाला परतत बसायचं का, हा प्रश्न रास्त आहे. मी काम असं वाटून घेतलंय: कांदा, आलं-लसूण आणि मसाला आदल्या रात्री परतून डब्यात भरून फ्रीजमध्ये. मटण मात्र रात्री परतून ठेवायचं नाही. अर्धवट शिजवलेलं मांस थंड करून ठेवणं धोक्याचं, त्यात जंतू मरत नाहीत आणि वाढायला संधी मिळते. मटण सकाळीच, जाड बुडाच्या पॅनमध्ये, दोन वेळा मिळून दहा मिनिटं. तुकडे कागदाने कोरडे टिपून घ्या, पॅनमध्ये गर्दी करू नका, आणि पहिली तीन मिनिटं उलथनं लावू नका. पॅनला जी तपकिरी खरड चिकटते ती फेकू नका. त्याच पॅनमध्ये कपभर पाणी उकळून, लाकडी उलथन्याने घासून ती खरड सुटी करा आणि कुकरमध्ये ओता. माझ्या मते या एका कपात स्ट्यूची निम्मी चव असते. दोनपैकी एकच गोष्ट करायला वेळ असेल तर कांद्याचं परतणं सोडा, मटणाचं सोडू नका.

शेवटची फोडणी ही आपल्याकडची गोष्ट, आणि ती इथे फार कामाला येते. दळलेल्या मसाल्याचा वास आठ तासांत उडून जातो. लवंग-दालचिनी अख्खी घातली तर उलट फार उतरते, म्हणून ती निम्मीच घालावी. घरी आल्यावर छोट्या कढल्यात दोन चमचे तेल, सहा पाकळ्या ठेचलेला लसूण, तो लालसर झाला की दोन चमचे टोमॅटो पेस्ट. पेस्ट विटकरी होऊन तेल सुटेपर्यंत परता. मग आच बंद करून चमचाभर कांदा-लसूण मसाला, आणि तो चुरचुरत असतानाच स्ट्यूवर ओता. झाकण लावून वीस-पंचवीस मिनिटं हायवर. तेवढ्यात पोरीची दप्तर-डबा आवराआवर होते. वाढताना लिंबू आणि कोथिंबीर.

लो की हाय?

बहुतेक नेहमीच्या कुकरांत दोन्ही बटणं शेवटी जवळजवळ त्याच तापमानाला पोचवतात, उकळीच्या जरा खाली. फरक तिथे पोचायला किती वेळ लागतो एवढाच. म्हणून घरातून निघायला तास असेल तर पहिला तास हायवर ठेवून निघताना लोवर करणं उत्तम. झाकण मधे उघडलं की वीस-तीस मिनिटं मागे पडतं. न उघडता पाहायचं असेल तर काच हलकीच टिचकीने ठोका, थेंब खाली गळतात आणि आतलं दिसतं.

चिकनचं छातीचं मांस आठ तासांत भुसभुशीत कोरडं होतं, मांडीचं घ्या. दही, साय, नारळाचं दूध शेवटी, नाहीतर फाटतं. मटण खांद्याचं किंवा नळीचं. मी शिकागोतल्या डेव्हन अव्हेन्यूवरच्या हलाल दुकानातून बकऱ्याचं घेतो. चरबी नसलेले महागडे तुकडे इथे वाया जातात, त्यांच्यात विरघळायला कोलॅजनच नसतं.

राजमा घालणाऱ्यांनी हे नक्की वाचा

शाकाहारी स्ट्यू करताना कच्चा राजमा थेट स्लो कुकरमध्ये टाकू नका. भिजवलेला असला तरी नाही. लाल राजम्यात फायटोहेमॅग्लुटिनिन नावाचा विषारी घटक असतो. खळखळ उकळण्याने तो नष्ट होतो, पण स्लो कुकरच्या मंद उष्णतेने होत नाही. 80 अंशांच्या आसपास शिजलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त बाधू शकतो. चार-पाच दाणेही पुरतात. एक ते तीन तासांत जोरदार उलट्या सुरू होतात. किमान पाच तास भिजवा, पाणी फेका, ताज्या पाण्यात तीस मिनिटं खळखळ उकळा, मग कुकरमध्ये. प्रेशर कुकरमध्ये नीट शिजवलेला किंवा विकतचा टिनबंद डब्यातला राजमा निर्धास्त वापरा. मसूर, मूग यांना ही भीती नाही.

सगळं केलं तरी जमत नसेल तर यंत्र तपासा

माझ्या एका मित्राचं सगळं बरोबर होतं, तरी भाजी कच्चीच. शेवटी आम्ही पाणी तापवून पाहिलं. कुकर अर्धा ते दोन-तृतीयांश साध्या पाण्याने भरा, झाकण लावून आठ तास लोवर ठेवा. मग झाकण उघडताक्षणी स्वयंपाकाचा थर्मामीटर बुडवा. 85 ते 93 अंश सेल्सिअस दिसलं तर यंत्र ठीक. त्याच्या खाली असेल तर तो कुकर मांस शिजवायला वापरू नका. वर असेल तर वेळ कमी करा, नवे कुकर कधी कधी जास्त तापतात. मित्राचा काटा 74 वर थांबला. त्याने कुकर बदलला आणि बटाट्याची तक्रार त्याच आठवड्यात मिटली.

कुकर किती भरलाय तेही पाहा. अर्ध्यापेक्षा कमी भरला तर पदार्थ लवकर शिजून कोरडा होतो, दोन-तृतीयांशाच्या वर गेला तर तापायला फार वेळ लागतो.

सध्या माझं प्रमाण

6 क्वार्टचा (साधारण पावणेसहा लिटरचा) कुकर. खांद्याचं मटण 900 ग्रॅम, बटाटे 450 ग्रॅम, गाजरं 250 ग्रॅम, दोन मोठे कांदे, जव अर्धा कप, उकळतं पाणी पॅनच्या खरडीसकट अडीच कप, दोन तमालपत्रं, मीठ. आदल्या रात्री कांदा-मसाला परतून आणि भाजी चिरून वेगवेगळ्या डब्यांत (बटाटा पाण्यात बुडवून). भरलेलं चिनीमातीचं भांडंच फ्रीजमध्ये ठेवायचा मोह होतो, तो टाळा. गार भांडं एकदम तापून तडकू शकतं, आणि मटण बराच वेळ कोमट राहतं. गोठलेलं मटण तर कधीच थेट घालू नये. 4 ते 60 अंशांच्या मधे जंतू भराभर वाढतात, आणि गोठलेला गोळा त्या पट्ट्यात तासन् तास रेंगाळतो.

सकाळी 6:10 ला मटण परतायला घेतो, 6:35 ला झाकण लागतं. तास हायवर, मग लो. दुपारी अडीच-तीनला शिजतं आणि कुकर आपोआप वॉर्मवर, म्हणजे नुसतं गरम ठेवण्यावर, जातो. टायमर लावून उशिरा सुरू करायची सोय असली तरी मांसासाठी मी ती वापरत नाही. कच्चं मटण बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू नये.

उरलेलं रात्रीच उथळ डब्यांत काढून फ्रीजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी गॅसवर उकळी आणा, स्लो कुकरमध्ये गरम करू नका. आणि तुम्ही बाहेर असताना वीज गेली होती असं घड्याळाच्या लुकलुकण्यावरून दिसलं, किती वेळ गेली होती ते कळत नसलं, तर पदार्थ शिजलेला दिसला तरी टाकून द्या. गेल्या जानेवारीत वादळानंतर मी भरलेलं भांडं कचऱ्यात ओतलं आणि आम्ही त्या रात्री मऊ भात, तूप, मेतकूट खाल्लं.